गावकुरण राखणे आणि लोकांसाठी खुले करणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विदर्भातील गावांतून कुरणाविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जेथे एकाच गोष्टीचा उल्लेख दोनदा करावा लागला असता, तेथे संबंधित प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. कायद्याविषयीची उत्तरे दिशा समजण्यापुरती आहेत. प्रत्यक्ष अर्ज करण्यापूर्वी आपल्या तालुक्यातील जाणकाराकडून कागदपत्रे तपासून घ्यावीत.

१. गायरान, ई-क्लास, झुडपी जंगल आणि कुरण ही एकाच जमिनीची नावे आहेत का?

नाही, आणि या गोंधळामुळे अनेक गावांचे पहिले अर्ज चुकीच्या कार्यालयात जाऊन पडतात. गायरान किंवा गुरचरण म्हणजे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २२ खाली गावच्या गुरांच्या मोफत चराईसाठी राखून ठेवलेली सरकारी जमीन. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा आणि वाशिम या जिल्ह्यांत अशा जमिनीला लोक ई-क्लास म्हणतात. झुडपी जंगल ही नोंद मात्र नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या पूर्व विदर्भातील सहा जिल्ह्यांपुरती आहे. या जमिनींवर सागाचे दाट वन कधीच नव्हते. गवत, पळस, बोर आणि खुरटी झुडपे हेच त्यांचे मूळ रूप, आणि गावची गुरे पिढ्यान्‌पिढ्या तेथेच चरत आली.

सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी दिलेल्या निकालानुसार सुमारे ८६ हजार हेक्टर झुडपी जंगल हे त्याच न्यायालयाच्या, ‘वन’ कशाला म्हणायचे हे ठरवणाऱ्या १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशाच्या अर्थाने वनजमीन मानले जाते. म्हणून अशा जमिनीवर वनसंवर्धनाचा कायदा लागू होतो आणि केंद्र सरकारच्या मंजुरीशिवाय तेथे वनेतर काम होऊ शकत नाही. गायरानाचा मार्ग वेगळा आहे. तो महसूल विभागातून जातो. गवत दोन्हीकडे सारखेच असले, तरी ते वाचवण्यासाठी ठोठावायची दारे वेगळी आहेत.

२. आमच्या गावची जमीन कोणत्या प्रकारात मोडते, हे कसे शोधायचे?

तलाठ्याकडून त्या गट क्रमांकाचा सातबारा, गाव नमुना एक-अ (वनजमिनींची नोंदवही) आणि एक-ब (बिनभोगवट्याच्या, म्हणजे कोणालाही न दिलेल्या सरकारी जमिनींची नोंदवही) यांच्या नकला घ्याव्यात. भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशा मिळतो. यांखेरीज विदर्भात आणखी दोन कागद मिळू शकतात, आणि त्यांची आठवण फार थोड्यांना असते : निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज. जमीन महसूल संहितेतील कलम १६१ आणि त्यापुढील काही कलमे खास विदर्भासाठी आहेत. गावाच्या बिनभोगवट्याच्या जमिनीवर चराई, सरपण, माती, मुरूम यांची व्यवस्था कशी असावी हे निस्तार पत्रकात लिहिलेले असते, तर वाटा, पाणी आणि इतर वहिवाटीच्या रूढी वाजिब-उल-अर्जात नोंदलेल्या असतात. हे कागद जुने, जीर्ण आणि कधी कधी मोडी किंवा हिंदी अक्षरांत असतात; तरीही ते मिळवण्याचे कष्ट घ्यावेत, कारण पुढे अतिक्रमणाचा किंवा वनहक्काचा प्रश्न आला की गावाच्या बाजूने सर्वांत भक्कम पुरावा तोच ठरतो.

३. जमीन पडीकच आहे. तेथे झाडे लावली तर काय बिघडते?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि तो विचारणारे बहुतेक लोक चांगल्या भावनेनेच विचारतात. बिघडते ते असे की गवताला वाढीसाठी ऊन हवे असते. सुबाभूळ किंवा गिरिपुष्प ओळीने लावले, की काही वर्षांत सावली धरते, मारवेल आणि पवन्यासारखी कसदार गवते मागे हटतात आणि सावलीत टिकणारे निकस तण उरते. रोपांसाठी आणि सलग समतल चरांसाठी बरडावरची इंचभर सुपीक माती उकरून खालचा मुरूम वर येतो. तो थर पुन्हा बसायला फार काळ लागतो. गवताची मुळे जमिनीत खोल आणि दाट असतात, पावसाचे पाणी तीच मुरवतात आणि कुरणातील कर्बाचा मोठा भागही जमिनीखालीच साठलेला असतो. वरून उजाड दिसणारी जमीन खालून भरलेली असते.

याशिवाय कुरणात राहणारे जीव झाडांच्या गर्दीत राहत नाहीत. चंडोल, धाविक, टिटवी आणि लावा जमिनीवर अंडी घालतात. उंच झाडे आली की त्यांवर बसणाऱ्या कावळ्यांना आणि शिकारी पक्ष्यांना ही घरटी सहज दिसतात. तणमोर पावसाळ्यात गवतात वीण करतो, आणि नराच्या उंच उड्या मादीला दिसाव्यात म्हणून त्याला मोकळे, मध्यम उंचीचे गवत लागते. माळढोक वरोरा-भद्रावती भागात अगदी मोजक्या संख्येने नोंदला गेला आहे; तोही उघड्या माळाचाच पक्षी. वाशिम जिल्ह्यातील कारंजा-सोहोळ अभयारण्य २००० साली काळविटांसाठी घोषित झाले, आणि तेथे जपायचे आहे ते मुख्यतः गवतच.

याचा अर्थ एकही झाड नको असा नाही. कुरणात आपोआप वाढलेली बोर, हिवर, पळस, मोह अशी विखुरलेली झाडे गुरांना सावली देतात. ती राहू द्यावीत. वृक्षलागवडीचे उद्दिष्ट पूर्ण करायचेच असेल, तर ते शाळेच्या आवारात, नाल्याच्या काठी आणि पांदण रस्त्यांच्या कडेने करावे.

४. कुरण राखायचे म्हणजे गुरांना कायमची बंदी करायची का?

मुळीच नाही. बरीच वर्षे चराई आणि कापणी दोन्ही थांबवली, तर वाळलेल्या गवताचा थर साचतो, नवे कोंब त्याखाली दबतात आणि बोर, बाभूळ, पळस पसरत जातात. प्रश्न गुरांचा नसून वेळेचा आहे. पहिल्या पावसानंतर गवताचे फुटवे मुळांत साठवलेल्या अन्नावर वाढतात. त्याच आठवड्यांत गुरे सोडली तर ठोंब दमतो आणि मारवेल हळूहळू नाहीसे होते. त्याच्या जागी गुरे न खाणारा तरोटा आणि काटेरी तण येते. मग लोक म्हणतात, जमीनच बिघडली.

चालणारी पद्धत साधी आहे. कुरणाचे तीन किंवा चार भाग करावेत. दरवर्षी एक भाग आषाढापासून बी गळेपर्यंत, म्हणजे साधारण कार्तिकापर्यंत, पूर्ण बंद ठेवावा. बाकीच्या भागांत पाळीपाळीने चराई चालू राहावी. पुढच्या वर्षी बंद भाग बदलावा. हद्द दाखवण्यासाठी तारेचे कुंपण लागत नाही, चुना मारलेले दगड पुरतात. मात्र गावच्या गुराख्याला, म्हणजे आपल्याकडच्या गायक्याला, ठरावाच्या दिवशी समोर बसवून घेतलेच पाहिजे. आखरावर रोज सकाळी गुरे गोळा करून नेणारा माणूस तोच आहे. त्याला न विचारता आखलेली हद्द पोळ्यापर्यंतही टिकत नाही, हे जवळपास प्रत्येक गावात दिसले आहे.

वर्धा जिल्ह्यातील आर्वी, आष्टी आणि कारंजा या तालुक्यांत नंदगवळी समाजाने जपलेली गवळाऊ गाय ही अशाच चराईवर घडलेली जात आहे. तिचे दूध, चाल आणि काटकपणा यांची चर्चा होते. ती ज्या माळावर वाढली त्याची चर्चा मात्र क्वचितच होते.

५. ज्यांच्याकडे जमीन नाही आणि फक्त शेळ्या आहेत, त्यांनी बंदीच्या काळात काय करायचे?

हा नियमाचा अपवाद नसून नियम ठरवण्याचा आरंभबिंदू असला पाहिजे. मोठ्या शेतकऱ्याकडे कडबा, कुटार आणि धुऱ्यावरचे गवत असते. भूमिहीन कुटुंबाकडे फक्त कुरण असते. म्हणून बंद भाग निवडताना तो त्यांच्या वस्तीला लागून असलेला नसावा, आणि कापून नेण्याच्या गवतात पहिला वाटा त्यांचा असावा. शेळी गवतापेक्षा झुडपाचा पाला अधिक खाते. त्यामुळे झुडपे दाटलेला भाग शेळ्यांसाठी खुला ठेवल्यास कुरणाचे कामही होते. महिला बचत गटांकडे शेळ्या असतील, तर ठरावाच्या सभेत त्यांची उपस्थिती केवळ सहीपुरती नसावी.

६. गवत केव्हा आणि कसे कापावे? कुसळीमुळे गुरे ते तोंडात घेत नाहीत.

बी पिकून थोडे गळू लागले की विळ्याने, चार बोटे ठोंब ठेवून कापावे. मारवेल आणि शेडा साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये या अवस्थेला येतात. कुसळीचे वेगळे आहे : तिची कुसळे टणक झाली की गुरांच्या तोंडाला जखमा होतात आणि मेंढ्यांच्या लोकरीत ती अडकतात. म्हणून कुसळीचे पट्टे फुलोऱ्याच्या आधीच कापून हिरवे खाऊ घालावेत. सलग काही वर्षे असे केले, तर तिचे बी पडत नाही आणि पट्टा आकसतो. संपूर्ण कुरण एकाच दिवशी सपाट कापू नये. मधेमधे न कापलेले तुकडे राहिले, तर लावे, तितर आणि ससे हिवाळ्यात तेथे आसरा घेतात.

७. उन्हाळ्यात आग लावली की नवे गवत जोमाने फुटते, असे जुने लोक सांगतात. मग आग का नको?

जुन्या लोकांचे निरीक्षण खोटे नाही. राख पडते, वाळलेला थर जातो आणि पहिल्या सरीनंतर हिरवे कोंब लवकर दिसतात. परंतु दरवर्षी आग लागली, तर फायदा कोणाला होतो हे पाहावे. कुसळीच्या बीला पीळ असलेले कुसळ असते; दव आणि ऊन यांनी ते फिरते आणि बी जमिनीत रुजवते, त्यामुळे आगीत ते वाचते. मारवेलचे बी वरच पडलेले असते, ते जळते. अशा रीतीने दरवर्षीची आग कुरणाला कुसळीच्या हवाली करते. उन्हाळ्यातच टिटवी आणि चंडोल जमिनीवर अंडी घालतात, तीही नष्ट होतात. वनजमिनीवर आग लावणे हा गुन्हाही आहे.

यावर उपाय म्हणजे जानेवारी संपण्यापूर्वी कुरणाच्या सीमेवर आणि वाटांच्या कडेने गवत कापून जाळरेषा काढणे, आणि मोहफुले वेचण्याच्या काळात झाडाखालची जागा जाळण्याऐवजी झाडून घेणे किंवा खाली जाळी अंथरणे.

८. टणटणी, गाजरगवत आणि रानतुळस काढून टाकायची, की औषध फवारायचे?

औषध नको, ते गवतालाही मारते आणि पाण्यात उतरते. टणटणी नुसती तोडली तर बुंध्यातून दुप्पट फुटते, म्हणून मुळाच्या वरच्या गाठीखालून ती उपटावी लागते. पावसाळ्यात जमीन ओली असताना हे काम सोपे जाते. रानतुळस आणि गाजरगवत फुलण्याआधी उपटावे. गाजरगवताने अनेकांच्या अंगाला खाज आणि दम लागतो, तेव्हा हातमोजे आणि तोंडाला रुमाल आवश्यक आहे. तरोटा मात्र सरसकट शत्रू समजू नये : पावसाळ्याच्या सुरुवातीला त्याची कोवळी भाजी घराघरांत होते, आणि कुरण सुधारले की तो आपणच कमी होतो.

९. कुरण राखण्याचा अधिकार गावाला कोणत्या कायद्याने मिळतो? ग्रामसभेचा ठराव पुरेसा आहे का?

ठराव आवश्यक आहे, पण बहुतेक वेळा एकटा पुरत नाही. जमीन वनजमीन असेल, तर २००६ चा वनहक्क कायदा हा सर्वांत मजबूत आधार आहे. त्याच्या कलम ३(१) मध्ये चराईचा हक्कही आहे आणि परंपरेने राखलेल्या सामूहिक वनसंपत्तीचे संरक्षण, पुनर्निर्माण व व्यवस्थापन करण्याचा हक्कही आहे. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) आणि मर्दा या गावांना २००९ साली देशात सर्वप्रथम असे हक्क मिळाले. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगाव आणि मेळघाटाच्या पायथ्याचे पायविहीर यांनी पुढे हाच मार्ग धरला. पायविहीरने तर उजाड टेकड्या राखून सीताफळाच्या विक्रीपर्यंत मजल मारली.

दाव्यासाठीच्या ग्रामसभेत निम्मे सदस्य उपस्थित असावे लागतात, आणि उपस्थितांत किमान एकतृतीयांश महिला असाव्या लागतात. पुराव्यात निस्तार पत्रक (प्रश्न २ पाहा) आणि गावातील वयस्कर व्यक्तींचे जबाब दोन्ही चालतात. पेसा क्षेत्रात, म्हणजे आदिवासी अनुसूचित क्षेत्रात, पाड्याची किंवा टोल्याची स्वतंत्र ग्रामसभाही असू शकते.

जमीन गायरान असेल, तर मालकी शासनाची आणि देखभाल ग्रामपंचायतीकडे, अशी स्थिती असते. तेथे २००२ च्या जैवविविधता कायद्याखालील जैवविविधता व्यवस्थापन समितीचा उपयोग करता येतो. ही समिती प्रत्येक ग्रामपंचायतीत असणे अपेक्षित आहे, जरी अनेक ठिकाणी ती फक्त फळ्यावर असली. लोकजैवविविधता नोंदवहीत कुरणातील गवते, पक्षी, औषधी वनस्पती आणि चराईच्या रूढी नोंदवून घ्याव्यात. याच कायद्याच्या कलम ३७ नुसार राज्य शासन एखादे क्षेत्र जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित करू शकते. गडचिरोलीतील ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’ हे त्याचे विदर्भातील उदाहरण. त्यासाठीचे राज्य मंडळ नागपुरातच आहे.

१०. कुरणावर अतिक्रमण आहे. आधी ते हटवायचे, की कुरणाचे काम सुरू करायचे?

शिल्लक असलेल्या भागावर काम सुरू करावे आणि अतिक्रमणाची प्रक्रिया स्वतंत्रपणे चालवावी. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ च्या जगपाल सिंह प्रकरणात गावांच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याचे निर्देश सर्व राज्यांना दिले, आणि महाराष्ट्र शासनाने १२ जुलै २०११ रोजी त्याविषयी निर्णय काढला. लेखी तक्रार तहसीलदारांकडे करावी. जोडीला मोजणीचा नकाशा द्यावा. परंतु गरीब कुटुंबाने पोटासाठी केलेली वहिती आणि कुंपण घालून घेतलेली दहा एकरांची बाग यांत भेद करण्याइतका विवेक गावाने ठेवावा. वनजमिनीवर १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेल्या पात्र कुटुंबाचा वनहक्काचा दावा प्रलंबित असेल, तर तो निकाली निघेपर्यंत त्याला हटवता येत नाही.

११. कुरण ‘लोकांसाठी खुले करणे’ म्हणजे काय? पर्यटन सुरू करायचे का?

तालुक्याच्या गावाजवळ कुरण असेल, तर माणसे फिरायला येतातच. ती कोणत्या वाटेने आणि कोणत्या महिन्यांत येतील, एवढे ठरवणे म्हणजे खुले करणे. गुरांच्या जुन्या पायवाटांपैकी एक निवडावी, नवी वाट पाडू नये. मार्च ते सप्टेंबर या काळात जमिनीवर घरटी असतात, म्हणून वाट सोडून जाण्यास मनाई असावी. पावसाळ्यात बंद भागात कोणालाच प्रवेश नसावा. ऑक्टोबरनंतर गवत सोनेरी होते, भोवत्या आणि इतर हिवाळी पाहुणे येतात. शाळांच्या भेटी तेव्हाच ठेवाव्यात. सिमेंटचे बाक, रंगीत कमानी आणि दिवे यांवर निधी खर्च करण्याचा मोह टाळावा. दिव्यांमुळे कीटक आणि रात्री फिरणारे खोकड दोन्ही विचलित होतात.

मोकाट आणि पाळीव कुत्र्यांना आत आणू देऊ नये. हा नियम सांगितला की लोक हसतात, पण जमिनीवरील घरट्यांचे मोठे नुकसान कुत्री करतात.

१२. प्रवेश शुल्क घेता येते का?

सरसकट शुल्क लावण्याचा सल्ला आम्ही देत नाही. गायरानाच्या बाबतीत त्याच्या वैधतेवर प्रश्न उभा राहू शकतो, आणि ज्या जमिनीवर गावचा मजूर मोफत गुरे नेतो तेथे दुसऱ्याकडून पैसे घेतले की भांडण ठरलेले असते. वाट दाखवणाऱ्या गावातील तरुणाला मानधन आणि जेवणाचे पैसे बचत गटाला, ही सोय अधिक सुटसुटीत आहे. सामूहिक वनहक्क मिळालेल्या क्षेत्रात ग्रामसभा याविषयी स्वतःचे नियम करू शकते.

१३. गवत वाढले की रोही (नीलगायी) आणि रानडुकरे वाढतील, आणि वावरातले पीक जाईल. मग शेतकऱ्याने साथ का द्यावी?

शंका रास्त आहे. रानडुक्कर मुख्यतः दाट झुडपात आणि उभ्या तुरी-उसात लपते. मोकळ्या गवतात त्याला दिवसा आसरा कमी मिळतो, म्हणून टणटणी काढलेले कुरण त्याला उलट गैरसोयीचे असते. रोह्यांचे तसे नाही : ते उघड्या माळावर आणि शेतात दोन्हीकडे चरतात, आणि त्यांचा त्रास कुरणाने संपेल असे सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. म्हणून कुरणाला लागून असलेल्या शेतांच्या नुकसानीचे पंचनामे वन विभागाकडून वेळेत व्हावेत, यासाठी समितीनेच पाठपुरावा करावा आणि कापलेल्या गवताचा एक वाटा त्या शेतकऱ्यांना द्यावा. वाशिम आणि अकोला जिल्ह्यांत फासेपारधी समाजाच्या लोकांनी ‘संवेदना’ संस्थेच्या सोबतीने माळरान राखण्याचे काम केले आहे. पिढीजात ओळख शिकारीची, पण प्राण्यांच्या वाटा त्यांच्याइतक्या कोणाला ठाऊक नाहीत. शेजारी असा समाज असेल तर त्याला समितीत अवश्य घ्यावे.

१४. हिवाळ्यानंतर बाहेरचे धनगर किंवा काठेवाडी पशुपालक गुरे घेऊन येतात. त्यांना अडवता येते का?

बंद भागात अडवता येते, सर्वस्वी अडवणे मात्र योग्यही नाही आणि वनजमिनीवर कायदेशीरही नसू शकते, कारण वनहक्क कायद्याने भटक्या पशुपालकांच्या परंपरागत हंगामी वापरालाही मान्यता दिली आहे. अनेक गावांत शेतकरी स्वतःच मेंढ्या वावरात बसवून घेतात आणि खत मिळवतात. मुक्कामाचे दिवस, पाणवठा आणि कळपाची संख्या आल्याबरोबर बोलून ठरवावी. नियम मोडून शिरलेली गुरे कोंडवाड्यात घालण्याची तरतूद आहेच. ती घरच्या गुरांनाही सारखीच लागू करावी.

१५. सौर प्रकल्पासाठी गायरान मागितले गेले आहे. आता काय करावे?

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत सरकारी जमिनींचा वापर होतो, आणि दिवसा वीज मिळावी ही शेतकऱ्याचीही गरज आहे. त्यामुळे केवळ विरोधाचा ठराव करून भागत नाही. गावात गुरे किती, त्यांना चराईसाठी जमीन किती लागते आणि पर्यायी पडीत जागा कोणती, हे आकडे ठरावासोबत द्यावेत. गायरानाचा वापर बदलण्यावर महसूल संहितेच्या कलम २२-अ ने निर्बंध घातले आहेत. अपवाद कोणते आणि ते आपल्या प्रकरणात लागू होतात का, हे लेखी विचारावे. जमीन झुडपी जंगल निघाली, तर प्रश्न १ मधील निकाल लागू होतो.

१६. मेलेली जनावरे कुरणात टाकण्याची जुनी जागा आहे. ती चालू ठेवावी का?

गिधाडे असतील अशा भागात ती उपयोगी असते, एरवी ती कुत्र्यांचा अड्डा होते. जनावराला मरण्यापूर्वी डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक दिले असेल, तर ते मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होतात. जनावरांसाठी या औषधावर २००६ मध्ये, तर ॲसिक्लोफेनॅक आणि केटोप्रोफेनवर २०२३ मध्ये बंदी आली. औषधाची खात्री नसेल, तर जनावर पुरावे.

१७. आम्ही भाग बंद ठेवला, तरी मारवेल आलेच नाही. नुसता तरोटा आणि कुसळी आहे.

जमिनीत मारवेलचे बी आणि ठोंब शिल्लकच नसतील, तर बंदीने ते येत नाहीत. जवळच्या चांगल्या धुऱ्यावरून ठोंब काढून पाऊस स्थिरावल्यावर हातभर अंतरावर ओळीत लावावेत. मारवेल कांड्यांनीही पसरते, म्हणून सगळे क्षेत्र लावण्याची गरज नाही. पट्टे लावले तरी चालते. काळी, ओल धरणारी जमीन मारवेलला मानवते; मुरमाड बरडावर शेडा आणि पवन्या अधिक टिकतात, तेव्हा तेथे मारवेलचा हट्ट धरू नये. बी आणायचे असेल तर ते त्याच परिसरातील कुरणातून हाताने ओरबाडून गोळा केलेले असावे. पहिल्या वर्षी लावलेल्या पट्ट्यांवर अजिबात चराई नको. दुसऱ्या वर्षी कापणी, आणि गुरे तिसऱ्या वर्षी, तीही बी गळल्यानंतर.